खाली सह्या करणारे

“कागदाचा माथा कोरा सोडू नकोस, पोरी,” अनाक्लेतोकाका म्हणाले होते. “प्रत्येक पानावर वर मागणी लिही आणि मग खाली नावं घे. चौदा पानं असतील तर चौदा वेळा लिही. हात काही झडणार नाही तुझा.”

जांदिराने ते हसण्यावारी नेलं. काकांनी चाळीस वर्षं नोटरीच्या कचेरीत शिक्के मारले होते. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या भांडणांचे कागद टाचल्यावर माणसाला मिठाच्या पुडीतही भानगड दिसायला लागते, असं तिला वाटलं. शिवाय तिच्या कडेवर तीन वर्षांची तैनारा होती, भरतीची वेळ झाली होती, आणि काकांच्या ओसरीला कठडा नव्हता. कठडा नसलेल्या ठिकाणी जांदिराचं लक्ष दुसऱ्या कशातच लागत नसे.

आज ती ओसरी नाही. सांता लुझिया वस्तीतली, नदीच्या पाण्यावरची फळीवाट नाही, तिच्या दोन्ही अंगांना खांबांवर उभी असलेली एकोणसाठ घरं नाहीत. ती बुडाली नाहीत की जळली नाहीत. एका कागदाने गेली, आणि तो कागद जांदिराने स्वतः दारोदार फिरवला होता.

सुरुवात झाली ती फेब्रुवारीत. जांदिरा दोरीवर कपडे वाळत घालत होती आणि तैनारा दारासमोर चपला घालून टपटप नाचत होती. टपटप थांबली. जांदिराने मान वळवली तर पोर नव्हती. एक कुजलेली फळी मधोमध तुटलेली होती आणि तिच्या कडेला एक चप्पल. खालून भरतीचं पाणी घराघरांच्या खांबांतून आत ओढत होतं. जांदिरा फळीवर पालथी पडून किंचाळायला लागली. तेवढ्यात तिसऱ्या घरातून आवाज आला, “बोंबलू नकोस! कोळंबी काढायला बसले आणि हे गावलं!”

बेन्विंदामावशीच्या स्वयंपाकघरात जमिनीलाच एक झडप होती. झडप उचलायची, वेताचे सापळे दोरीने खाली सोडायचे, भरतीचं पाणी चढलं की वर ओढायचे. पन्नास वर्षं तिचं पोट त्या भोकावर चाललं होतं. त्याच भोकातून तिने तैनाराला केसांना धरून वर काढलं होतं. पोर ओकत होती, रडत होती, म्हणजे जिवंत होती. “काय करू हिचं?” मावशीने विचारलं. “मीठ लावून वाळत घालू?”

जांदिराला हसू आलं नाही. त्या दिवसापासून ती पावलं मोजायला लागली. पाळण्यापासून दारापर्यंत सात. दारापासून त्या फळीपर्यंत चार. तिचा नवरा वाल्मिर सांतारें शहराच्या बोटींवर कामाला, पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचा. त्याने फळी बदलली, दाराला आडणा घातला, आणि परत गेला. पण एकोणसाठ घरांच्या फळ्या कोण बदलणार?

तेव्हा ती काकांकडे गेली. तिला विचारायचं होतं की नगरपालिकेकडे मागायचं ते कसं मागायचं. काका ओसरीवर डोमिनोच्या सोंगट्या मांडून एकटेच दोन्ही बाजूंनी खेळत होते.

“एकट्याने मागितलंस तर तो नुसता अर्ज,” ते म्हणाले. “टेबलावरून खाली पडतो आणि झाडूवाली नेते. सगळ्यांनी मिळून मागितलं तर अबायशो-असिनादो. त्याला ते जरा तरी भितात.” मग त्यांनी सोंगटी तिच्यापुढे धरली. “पण शब्द नीट ऐक. कॉलेजात गेलीस, हे कुणी शिकवलं नसेल. अबायशो म्हणजे खाली. असिनादो म्हणजे सही केलेला. खाली सही केलेला. आता सांग, कशाच्या खाली?”

“मागणीच्या.”

“वर जे असेल त्याच्या! सही बिचारी खालीच उभी असते. छपराखाली उभ्या असलेल्या माणसाला छपरावर कोण बसलंय ते दिसतं का? म्हणून म्हणतो, माथा कोरा सोडू नकोस.”

“बरं काका,” असं म्हणून तिने तैनाराला ओसरीच्या कडेपासून मागे ओढलं.

मागणी तिने शाळेतल्या फळ्यावर लिहावी तशा गोल अक्षरात लिहिली. तिच्या मते चांगली उतरली होती. ‘या फळीवाटेवर आमच्या मुलांचे जीव दर भरतीला टांगणीला लागतात. आम्ही एक कान पाण्याकडे ठेवून झोपतो. असं जगणं कोणाच्याही वाट्याला येऊ नये. म्हणून आम्ही, खाली सह्या करणारे, विनंती करतो की फळ्या बदलून दोन्ही बाजूंना कठडा बांधून द्यावा.’ एवढं एक पान. बाकीची तेरा पानं जेनिवालने आणून दिली. जेनिवाल नगरसेवकाच्या कचेरीत काम करायचा, सगळ्यांच्या बारशाला हजर असायचा. त्याची पानं छापील होती: अनुक्रमांक, नाव, ओळखपत्राचा आकडा, सही. वर चार बोटं जागा मोकळी.

“ह्या मोकळ्या जागेत मागणी लिहायची का?” तिने विचारलं. विचारलं होतं, एवढं तरी.

“अहो जांदिराबाई, पहिलं पान आहे ना? पिन मारली की झालं एकच पुस्तक. तुमचं अक्षर एवढं सुंदर, तेरा वेळा लिहून कशाला झिजवता?”

तैनाराला तेव्हा ताप होता. तिने पानं घेतली.

सह्या गोळा करताना मजा आली, हे नंतर तिला सगळ्यात जास्त बोचलं. क्लेउनिसी आसाईच्या फळांचा लगदा गाळत होती, जांभळे हात पुसत म्हणाली, “मागे नळासाठी केली होती सही. नळ आला, आता पाणी यायचं बाकी आहे. आण, कुठे करू?” कुणी कंदाच्या भाजक्या पिठाची, फारीन्याची वाटी पुढे केली, कुणी आपल्या तान्ह्याचं नाव पण लिहा म्हणून हट्ट धरला.

आणि बेन्विंदामावशी अडून बसली.

“मी अंगठा नाही देणार.”

“मावशी, ओळखपत्रावर तुझा अंगठाच आहे. खाली लिहिलंय की सही येत नाही.”

“लिहिणाऱ्याचं काय जातं? एकाहत्तर वर्षांची झाले, अजून त्या काळ्या शाईच्या गादीत बोट बुडवते. मग खिडकीतली पोरगी मला पुसायला चिंधी देते, सगळ्या रांगेच्या देखत. जशी काही मी हगून आलेय. तुझ्या पोरीला काढताना मी अंगठ्याने काढलं का? अख्ख्या हाताने काढलं. आता अख्ख्या हाताने लिहिणार. शिकव.”

तिला नाही कसं म्हणायचं? तीन आठवडे जांदिरा रोज दुपारी कोळंबीच्या पाटीमागच्या फळीवर कोळशाने तिला नाव गिरवायला लावत होती. बेन्विंदा, त्यांच्या लिपीत आठ अक्षरं. पहिल्या अक्षराला वर एक पोट आणि खाली एक पोट. “ही जुळ्यांची गरोदर आहे,” मावशी म्हणाली, “हिला सावकाश काढू दे.” ते अक्षर तिला कधी जमे, कधी वरचं पोट फुटून जाई. अनाक्लेतोकाका येता जाता बघत. एकदा थांबून म्हणाले, “अंगठा असू दे गं तिचा. अंगठा थरथरत नाही, विसरत नाही, आणि जन्मात बदलत नाही.”

“तुला हेवा वाटतो, अनाक्लेतो,” मावशी म्हणाली. “उद्या मी नोटरी होईन आणि तुझ्या मरणाच्या दाखल्यावर सही करीन.”

“काका, तुम्ही प्रत्येक गोष्टीत मोडता घालता,” जांदिरा म्हणाली. तीसुद्धा हसत.

तिसऱ्या पानावर, सदतिसाव्या ओळीत, मावशीने नाव लिहिलं. शेवटच्या अक्षराची शेपटी चौकट ओलांडून शेजारच्या नावावर गेली. शाईवर फुंकर मारून तिने अख्ख्या फळीवाटेला बोलावून दाखवलं आणि त्या दिवशीची सगळी कोळंबी तळून वाटली. दोनशे चौदा सह्या झाल्या. जेनिवालला कागद देण्याआधी जांदिराने फोनवर फोटो काढून ठेवला. पहिल्या पानाचा. तेच तर तिचं होतं.

चार महिन्यांनी दोन माणसं लाल रंगाचे डबे घेऊन आली आणि घरांच्या भिंतींवर आकडे मारत गेली. मावशीच्या घरावर अठ्ठावीस. “फळ्या मोजताय का?” क्लेउनिसीने विचारलं. त्यांनी तिच्या हातात एक नोटीस दिली. जांदिराने ती मोठ्याने वाचली, आणि चौथी ओळ तिने दोनदा वाचली. रहिवाशांच्या स्वतःच्या मागणीनुसार सर्व कुटुंबांना ऑगस्टअखेर पाल्मेइरास वसाहतीत हलवण्यात येईल. पाल्मेइरास म्हणजे ताडांची बाग. गावापासून अठरा किलोमीटर, सगळी लाल माती. ताड एक नाही, आणि नदी तर नाहीच.

“मागणी कुणी केली?” मावशीने विचारलं.

सगळे जांदिराकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी तैनाराला कडेवर घेऊन ती नगरपालिकेत गेली. खिडकीतल्या बाईने फाईल काढून तिच्यापुढे उघडली.

“ही एक नंबरची सही तुमची?”

“हो.”

“ओळखपत्राचा आकडा तुमचा?”

“हो. पण वरचं पान माझं नाही.”

“मग वाचून बघा.”

पान छापलेलं होतं. या फळीवाटेवर आमच्या मुलांचे जीव दर भरतीला टांगणीला लागतात. आम्ही एक कान पाण्याकडे ठेवून झोपतो. असं जगणं कोणाच्याही वाट्याला येऊ नये. तिन्ही वाक्यं तिची होती. एक स्वल्पविरामसुद्धा कुणी हलवला नव्हता. फक्त चौथं वाक्य असं होतं: म्हणून आम्ही, खाली सह्या करणारे, विनंती करतो की आम्हाला येथून हलवून सुरक्षित जागी घरे द्यावीत.

“जीव टांगणीला लागतात, हे तुम्हीच लिहिलंत ना?”

“लिहिलं. पण कठड्यासाठी लिहिलं!” तिने फोन पुढे केला. “हा बघा फोटो.”

“हे एक पान आहे, बाई. ह्याच्या खाली सह्या कुठे आहेत?” खिडकीतली बाई दुष्ट नव्हती. तिने मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. तिच्या मागच्या भिंतीवर एक मोठं रंगीत चित्र लावलं होतं: नदीकाठचा फरसबंद रस्ता, बाकं, दिवे, आइस्क्रीमची गाडी. “कठडा बांधून हे होत नाही,” ती म्हणाली. “घरी जा. पोरीला भूक लागलीय.”

जेनिवाल आठ दिवस फोन उचलत नव्हता. शेवटी पावाच्या दुकानात सापडला. “मी तर नेऊन दिले कागद,” तो म्हणाला. “पुढे कुणी काय जोडलं, ते माझ्या माथी का? आणि वाईट काय झालं? विटांची भिंत मिळतेय. तुमची पोर आता कशातून पडणार?” तो हे मनापासून म्हणत होता, असं तिला वाटलं. त्याने तैनाराला एक गोड पाव घेऊन दिला आणि तिने तो खाल्ला.

काका ‘मी सांगितलं होतं’ असं म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सोंगट्या डब्यात भरल्या आणि म्हणाले, “एकच वाट आहे. ज्यांनी सह्या केल्या त्यांनीच लिहून द्यायचं की आम्ही कठड्यासाठी केल्या होत्या. या वेळी प्रत्येक पानावर.”

या वेळी तिने प्रत्येक पानावर लिहिलं. चौदा वेळा. हात झडला नाही. पण दारं उघडेनात.

“दुधाने तोंड पोळलंय,” क्लेउनिसी म्हणाली, “आता ताकसुद्धा फुंकून पिणार. तुझ्या कागदावर परत सही? उद्या निघेल की मी नवरा दान केला म्हणून.” थोडं थांबून म्हणाली, “आणि खरं सांगू? मला विटांचं घर हवंय. तोंडावर म्हणायची लाज वाटते, एवढंच.” दुसरी एक जण दाराच्या फटीतून म्हणाली, “तू शिकलेली आहेस. तुझं सगळीकडे भागेल.” दोनशे चौदांपैकी नऊ सह्या मिळाल्या. त्यांत एक काकांची, एक जांदिराची, आणि नववी मावशीची.

गरिबांचे खटले फुकट लढणाऱ्या सरकारी वकिलांच्या कचेरीत एक तरुण वकील मुलगी होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच कुणीतरी वहीत काही लिहिलं. “पन्नास वर्षं तिथे राहणारी, तिथेच पोट भरणारी म्हातारी,” ती म्हणाली. “तिची सही दुसऱ्याच गोष्टीसाठी घेतली, एवढं तिच्या तोंडून सिद्ध झालं तर मी काम थांबवून दाखवते. निदान काही महिने. तेवढ्यात पुढचं बघू.”

त्या आठवड्यात जांदिरा एकदा पोटभर जेवली.

सुनावणीला मावशी चर्चला घालायचा फुलांचा झगा घालून आली. ती सगळं नीट बोलली. झडप, सापळे, पोर, कठडा. मग नगरपालिकेच्या वकिलाने एक कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. “आजी, तुमची सही करून दाखवता? दोन्ही कागदांवरच्या सह्या तुमच्याच आहेत एवढं कळलं म्हणजे झालं.”

मावशीने पेन घेतलं. खोलीत पंख्याचा आवाज होता. जांदिराला तिचा अंगठा दिसत होता, पेनाभोवती पांढरा पडलेला. पहिल्या अक्षराला एकच पोट आलं. मग एक अक्षर उलटं पडलं. मावशी थांबली, आठवायला लागली, जांदिराकडे बघितलं. “तिकडे बघू नका, आजी,” वकील म्हणाला. शेवटची शेपटी तिने काढलीच नाही.

त्याने तीन सह्या शेजारी शेजारी ठेवल्या. कठड्याच्या वेळची, हलवण्याची मागणी नाकारणारी, आणि ही. तिन्ही तीन बायकांच्या वाटत होत्या. तोंडावरची मिशीसुद्धा न हलवता तो म्हणाला, “शिवाय ओळखपत्रावर शेरा आहे की यांना सही येत नाही. म्हणजे यांनी मागणी केली असं मी म्हणत नाही, आणि ती नाकारली असंही म्हणता येत नाही. सदतिसावी ओळ खोडा. बाकी दोनशे तेरा राहतात.”

“मग अंगठा घ्या!” मावशीने हात टेबलावर आपटला. “हा घ्या! हा तरी माझा आहे ना?”

“आज घेतलेला अंगठा आजच्या कागदाला, आजी. पहिल्या कागदावर असता, तर ओळखपत्राशी जुळवून पाच मिनिटांत काम झालं असतं.”

न्यायाधीशांनी ती ओळ खोडली आणि काम थांबवायचा अर्ज फेटाळला. तरुण वकील मुलगी खाली बघत होती. जांदिराने तैनाराला इतकं घट्ट धरलं होतं की ती रडायला लागली. बाहेर पायऱ्यांवर मावशी म्हणाली, “मी कशातच नाही म्हणे. वरही नाही, खालीही नाही.” आणि मग, शेवटच्या पायरीवर, “तुझा दोष नाही गं.” ती खोटं बोलते तेव्हा तिचा आवाज मऊ होतो, हे जांदिराला माहीत होतं.

ऑगस्टमध्ये ट्रक आले. सोडतीत ज्यांची नावं होती त्यांना रस्त्याजवळची घरं मिळाली. मावशीचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं म्हणून तिला उरलेलं दिलं, अगदी टोकाचं, नवव्या रांगेतलं चौदावं. काका भाच्याकडे गेले आणि ख्रिसमसच्या आत वारले. वाल्मिरने जांदिराला आणि पोरीला सांतारेंला नेलं. तिथे त्यांनी दुसऱ्या मजल्यावर खोली घेतली. खिडक्यांना गज आहेत. तैनारा आता कशातूनही पडू शकत नाही.

जाण्याआधी जांदिरा एकदाच पाल्मेइरासला जाऊन आली. मावशीने घर सोडताना भांडी टाकली होती, पण स्वयंपाकघरातली झडप उचकटून आणली होती. चुलीजवळ सिमेंटवर ती फळी तशीच ठेवलेली होती, लोखंडी कडीसकट. “पहाटे सवयीने उचलते,” मावशी म्हणाली. “खाली लादी. परत ठेवते.” कोळंबी नाही, विकायला काही नाही, बस दिवसातून दोनदा. पेन्शनचा कागद भरायला एक मुलगा आला होता, त्याला तिने हाकलून दिलं. कागद आणणाऱ्याला ती दारच उघडत नाही.

क्लेउनिसीच्या फोनवर निरोप ठेवला की ती आठवड्यातून एकदा मावशीचा आवाज पाठवायची. शेवटचा आवाज आला त्याला सात आठवडे झाले. क्लेउनिसी आता तिथे नाही, विटांचं घर विकून बहिणीकडे गेली. जांदिराने नगरपालिकेला फोन केला, तर पलीकडून विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण, आणि लेखी अर्ज द्या. जांदिरा पुन्हा गरोदर आहे, सातवा महिना, बोटीच्या दोन दिवसांच्या प्रवासाला डॉक्टर जाऊ देत नाहीत. म्हणून बोटीतून त्या बाजूला जाणारा जो भेटेल त्याला ती सांगते, आणि इथवर वाचत आलेल्या तुम्हालाही तिचं सांगणं तेच आहे:

तिकडे गेलात तर नवव्या रांगेच्या टोकाला जा. चौदा नंबर, निळी खिडकी. दार वाजवू नका, दार नगरपालिकेचे लोक वाजवतात. हातात कागद, पिशवी, काहीही चौकोनी नेऊ नका. मागच्या अंगाला जाऊन खिडकीतून नुसतं विचारा, “मावशी, कोळंबी आहे का?” ती आतून शिवी घालेल. शिवी ऐकू आली की मला कळवा, बाकी काही नको. दोनदा विचारूनही आवाज आला नाही, तर शेजारच्यांना हाक मारा आणि दार ढकला. ते आतून नीट लागत नाही.